मासळी मागच्या दारानं

"मासळी मागच्या दारानं."

एवढंच म्हणाला तो. माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही. बघितलं ते हातातल्या टोपलीकडे. तारकर्लीजवळचं मोठं रिसॉर्ट, सकाळचे दहा, आणि दारात पांढऱ्या शर्टातला मॅनेजर. त्याच्या शेजारी टेबल. टेबलावर निळ्या फितीची ओळखपत्रं मांडलेली. दुसऱ्या रांगेत माझं होतं. माझं नाव, संपूर्ण, छापील अक्षरात. हात लांब केला असता तर उचलता आलं असतं.

मी वळले आणि मागच्या दाराकडे गेले.

पर्यटन व्यावसायिकांचा परिचय मेळावा होता तो. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्या येणार, इथल्या लोकांना भेटणार, ओळखी होणार, त्यातून कामं मिळणार. मी रीतसर फॉर्म भरला होता. मला बोलावणंही आलं होतं. बारा वर्षं मी पर्यटकांना स्कुबासाठी समुद्राखाली नेते. लायसन आहे माझ्याकडे. पण बारा वर्षं दुसऱ्यांच्या बोटीवर. समुद्रात उतरायचं मी, आणि गिऱ्हाईक मालकाचं. आता मला माझं काम सुरू करायचं होतं, आणि त्यासाठी या कंपन्यांनी मला नावानं ओळखायला हवं होतं.

मग टोपली कशाला नेलीस, असं कुणीही विचारील. आमच्या घरची रीत. मोठ्या माणसाच्या दारात पहिल्यांदा जायचं तर मासे घेऊन जायचं. आदल्या दिवशीच आये म्हणाली होती, "पयल्याच खेपेक रिकाम्या हातान जाव नको गो. बरा दिसणा नाय." सकाळी भावाच्या होडीवरून दोन इसवणी आल्या. इसवण म्हणजे तुमची सुरमई. चांगल्या हातभर लांब. केळीच्या पानात गुंडाळल्या, टोपलीत घातल्या आणि स्कूटीला पुढे लावल्या. अंगात इस्त्रीचा नवा कुर्ता. मच्छीमार गाबतांची पोर शिकली काय, पाण्याखाली बारा वर्षं काढली काय, टोपली दिसली की दारातल्या माणसाला तेवढंच पुरतं.

मागे गॅसची सिलिंडरं, सांडपाण्याचं गटार, मग स्वयंपाकघर. तिथली स्वयंपाकीण कसालची, माझ्या आईच्या वयाची. पान उलगडून म्हणाली, "ताजी आसा गो. कोणी धाडल्यान?"

"मीच हाडलंय."

तेवढ्यात जेवणाची तयारी बघायला खुद्द मालक आत आले. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. मेळावा त्यांनीच भरवलेला. इसवण बघून खूश झाले. म्हणाले, "छान. आलीच आहेस तर तुकड्या करून दे. आमच्या लोकांना नीट जमत नाही."

मी म्हटलं, "मी मेळाव्याला आले आहे. माझं नाव आहे यादीत."

ते हसले. वाईट हसले नाहीत, तेच वाईट. लहान मुलानं काहीतरी गोड बोलावं तसे हसले. "हो का? बरं बरं. आधी एवढं करून दे, मग बस मागे कुठेतरी."

आणि मी बसले. आदोळी पुढे ओढली, म्हणजे आमची विळी, आणि नवा कुर्ता गुडघ्यात खोचून इसवण कापायला बसले.

त्यांनी सांगितलं याचा राग मला आहेच. पण मी बसले, याचा जास्त आहे. कारण बसताना माझ्या मनात काय होतं, ते मला चांगलं आठवतं. बरं झालं, मला वाटलं. दादासाहेबांशी ओळख झाली.

सगळे हेच तर सांगत आले होते. ओळखी वाढव. माणसं जोड. मी जोडत आले होते, टोपली नेऊन. पहिल्या मालकाला चतुर्थी संपली की कोळंबी. दुसऱ्याच्या पाहुण्यांना शिंपल्यातल्या तिसऱ्या. कुणाच्या साहेबाला खेकडे. सगळे ओळखत होते की मला. माझ्या घरच्या माशाची चव त्यांना पाठ होती. माझं आडनाव एकालाही येत नव्हतं.

भिंतीपलीकडून लाऊडस्पीकर ऐकू येत होता. एकेक जण उठून आपली ओळख करून देत होता. प्रत्येकाला दोन मिनिटं. मालवणचे लॉजवाले झाले, बोटवाले झाले. टाळ्या झाल्या. मग माझं नाव आलं.

माझा हात माशाच्या पोटात होता.

पुन्हा एकदा पुकारलं. "उपस्थित आहेत का? नाहीत. पुढचं नाव घेऊ."

स्वयंपाकीण माझ्याकडे बघत राहिली. "तुझाच नाव मां गो ह्या?"

"होय."

"मगे हय बसलंस कित्याक?"

  मी उठले. तिनं हाताला चोळायला लिंबाची फोड पुढे केली, वास जावा म्हणून. मी घेतली नाही. नुसत्या पाण्यानं हात धुतले आणि आतल्या दारानं थेट हॉलमध्ये गेले. हॉल ओलांडून पुढच्या दाराशी, त्या टेबलापाशी. ओळखपत्र उचललं आणि गळ्यात घातलं. मॅनेजर काहीतरी बोलू लागला. त्याला बोलू दिलं आणि माईककडे निघाले.

सूत्रसंचालक म्हणाला, "मॅडम, तुमची वेळ गेली."

"माझी वेळ तुमच्या स्वयंपाकघरात गेली. ती परत द्या."

  मंचावर चढले, माईक हातात घेतला. मी म्हटलं, "मी तारकर्लीची. बारा वर्षं पर्यटकांना पाण्याखाली नेते, आणि सगळ्यांना वर आणते. तुम्ही आज दुपारी जेवाल ती सुरमई मी आणली, मीच कापली. पण मी त्यासाठी आले नव्हते. आमच्याकडे किनाऱ्यावरून रापण ओढतात, मोठं जाळं. वाटेनं जाणाऱ्यानंही दोरीला हात लावला तर त्याला वाटा मिळतो. ही दोरी मी बारा वर्षं ओढतेय. मला माझा वाटा हवा."

खाली उतरले. पहिल्या रांगेत दादासाहेब. हॉलमध्ये शिरताना मी पाहिलं होतं, ते पुण्याच्या लोकांशी हात मिळवत होते. मी त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी नमस्कार केला. अगदी अदबीनं, दोन्ही हात जोडून. मी हात मागे घेतला नाही. सगळे बघत होते. शेवटी त्यांनी माझी बोटं धरली, सोडली आणि खिशातला रुमाल काढला.

जेवायला मी थांबले नाही.

सहल कंपन्यांपैकी एकीचाही फोन अजून आलेला नाही. दादासाहेबांचा आला, आठवड्यानं. "रागावलीस की काय? अगं, आपण आपलीच माणसं. मासे फार छान होते. दिवाळीनंतर पुन्हा मेळावा आहे, ये. आणि येताना तसलीच सुरमई घेऊन ये."

मी म्हटलं, "येईन. पुढच्या दारानं. सुरमई तुम्ही बाजारातून आणा."

फॉर्म भरला आहे. यावेळी माझ्यासारख्याच दुसऱ्यांच्या बोटींवर राबणाऱ्या तिघींचेही भरून घेतले आहेत. चौघी पहिल्या रांगेत बसणार.

आये अजून कुरकुरते. "मोठ्या माणसाच्या दारात रिकाम्या हातान जातलंस?"

"होय," मी सांगितलं. "हात मिळवूचो तर तो रिकामोच होयो."