खुरीस म्हणजे काय

निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेला लाकडी क्रूस होता. तिचे हात स्वस्थ राहत नव्हते. ती सारखी गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या साहेबाकडे आचारी असलेला तिचा नवरा नुकताच वारला होता. हा क्रूस त्याच्या कबरीवर लावायचा होता.

"ते गोव्याचे. ह्याला खुरीस म्हणायचे," ती म्हणाली. "माझ्या माहेरचे पाद्री वधस्तंभ म्हणत्यात. वध म्हंजे मारणं न्हवं, अण्णा? मारायचा खांब त्यांच्या उशाला कसा रोवू? खुरीस म्हंजे येगळं कायतरी असंल."

मी शाळामास्तर. तिला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणं जमेना.

"आक्का, पोर्तुगीजांच्या 'क्रूश'वरून खुरीस झाला. अर्थ तोच. त्यावर खिळून माणसं मारायचे."

तिनं पुन्हा गाठ सोडली.

"त्यांना ठावं असंल हे?"

"असणारच."

"तरी रोज निजताना गळ्यातल्या खुरसाचा मुका घ्यायचे."

मग तिनं क्रूस उचलून छातीशी धरला आणि पुढं वाकून ड्रायव्हरला विचारलं, "कॅम्प अजून किती लांब हाय?"