भागीचं घोडं

‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ ही म्हण ज्यानं काढली, तो माणूस एकदाही उपाशी झोपला नसणार. चौघांनी मिळून घोडं घेतलं, घोड्याला जखम झाली, जखमेत किडे पडले, आणि जो तो म्हणाला, दुसरा काढेल. म्हणून म्हणे सामाईक काही ठेवू नये. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच ही म्हण शास्त्रवचन असल्यासारखी ऐकवायचे. मला तेव्हाही संताप यायचा, आणि केस पिकले तरी तो गेला नाही.

कोसमटोला म्हणजे चांदा जिल्ह्यातली, वैनगंगेजवळ जंगलाला टेकलेली थोडीशी घरं. त्यांतली निम्मी ख्रिस्ती. स्वराज्य आलं, गोरे पाद्री आपल्या देशी परतले आणि मागं कौलारू प्रार्थनाघर तेवढं राहिलं. त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी इथं सून म्हणून आले. माझ्या शेजारी भागीरथाबाई राहायची. नवरा पत्रू हिवतापानं गेलेला, पोरबाळ नाही. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की तिनं बांधावरून हाक मारली तर नदीकाठची म्हैससुद्धा मान वळवायची. बाप्तिस्म्यात पाद्रीसाहेबांनी तिला मार्था नाव दिलं होतं. ते नाव साहेबांबरोबर बोटीत बसून गेलं. टोल्याला ती भागीच राहिली.

एका रविवारी आमचे उपदेशक सोमाजी मास्तर पहिल्या मंडळीची गोष्ट सांगत होते. प्रभू गेल्यावर यरुशलेमात विश्वासणारे कसे एकत्र राहिले, एका पंगतीला कसे जेवले, ज्याचं शेत होतं त्यानं ते विकून सगळ्यांच्या कामी कसं लावलं, आणि त्यांच्यात कोणी म्हणून उणा राहिला नाही. मास्तर फार गोड बोलायचे. बायका माना डोलवत होत्या. तेवढ्यात मागून भागी उभी राहिली.

“मास्तर, त्याईच्यात कोनी उपाशी नोयता, तं मंग आपल्या लटारूभाऊच्या घरी दोन दिसापासून चूल काऊन नाई पेटली?”

लटारू म्हणजे जंगलात लाकडं चिरणारा म्हातारा. करवतीनं त्याची बोटं नेली, तेव्हापासून त्याला कोणी कामाला बोलवत नव्हतं. तो तिथंच भिंतीशी बसला होता. त्यानं मान खाली घातली. पुढच्या बाकावरून गुणवंतराव हसले. ते लाकूड ठेकेदाराचे मुनीम आणि मंडळीचे मुख्य पंच, मिशीला पीळ आणि पायात करकरणारे बूट.

“ते तिकडच्या देशातलं झालं, बाई. इथी सामाईक काई टिकत नाई. भागीचं घोडं किवणानं मरते.”

“भागी तं मीच हावो,” ती म्हणाली. “माह्यं घोडं कसं मरते ते मीच पाहीन.”

सगळे हसले. पण तिनं त्याच आठवड्यात बांबूची कणगी विणली, शेणामातीनं लिंपली आणि प्रार्थनाघराच्या पडवीत कोपऱ्यात उभी केली. मग घरोघर फिरून तिनं बायकांना एवढंच सांगितलं की भाताला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ मडक्यात टाकायची आणि रविवारी ते मडकं कणगीत रितं करायचं. ज्याची चूल थंड असेल त्यानं न्यायचं. कणगीला कुलूप नव्हतं. पुढं तिनं गोणपाटाचा पडदा टांगला. पडद्याशी ती स्वतः बसायची, पण कणगीकडे पाठ करून. कोण आलं, किती नेलं, पाहायचं नाही आणि विचारायचं तर मुळीच नाही.

मी एकदा म्हटलं, “मावशी, कोनी जास्त नेलं तं?”

“नेलं तं नेलं. घेनाऱ्याचं तोंड पाह्यलं ना, का त्याचा घास कडू होते. तुले कोनी घास मोजून वाढला हाय का कधी?”

नव्या सुनेला हा प्रश्न कुठं लागला ते सुनांनाच विचारा.

लोक चेष्टेनं त्या कणगीलाच ‘भागीचं घोडं’ म्हणू लागले आणि तेच नाव पडलं. धानाची रोवणी संपली, हाताचं काम गेलं आणि नवं धान निघायला अवकाश असला, की त्या दिवसांत अर्धा टोला या घोड्यावर बसून पार व्हायचा. रानातल्या पाड्यावरची सोमारी यायची. ती आमच्या धर्माची नव्हती. तिचे देव वेगळे, भाषा वेगळी. गुणवंतरावांनी हरकत घेतली, की ही आपली नाही. भागी म्हणाली, “भूक काय बाप्तिस्मा घेऊन येते का, भाऊ?” सोमारी मोहफुलांच्या दिवसांत टोपलीभर मोहफुलं आणून पडद्याआड ठेवून जायची. तीही कोणी पाहिली नाहीत.

असं तीन-चार वर्षं चाललं. घोडं मेलं नाही. उलट चांगलं बाळसं धरलं, आणि तेच पंचांच्या डोळ्यांत आलं. नागपूरहून मोठे पाद्री येणार होते. पलीकडच्या गावच्या मंडळीनं घंटा बसवली होती, मग आमची मंडळी बिनघंटेची कशी दिसणार? भाद्रपदात वैनगंगेला पूर आला. भागी नदीपार भावाकडे गेलेली, डोंगा बंद पडला आणि ती तिकडेच अडकली. पंचांनी ती परत यायची वाट पाहिली नाही. नेमकी तीच संधी साधून बैठक घेतली. गुणवंतराव बोलले, आणि काय बोलले बघा: “तांदूळ सामाईक हायत ना? मंग सगळ्याईच्या कामीच लागले पाह्यजे. घंटा तं सगळेच आयकन.”

ज्या शब्दाला इतकी वर्षं नाक मुरडलं, तोच शब्द हरामखोरांनी कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा वापरला. मी उभी राहून म्हटलं, की हे दिवस टंचाईचे आहेत, निदान मावशीला येऊ द्या. तर म्हणे बायांनी मंडळीत बोलू नये. सासूनं माझा पदर ओढला. दुसऱ्या दिवशी बैलबंडी आली, कणगी तळापर्यंत खरवडली आणि तांदूळ बाजाराला गेले. पडदा मात्र तसाच लटकत ठेवला. तेवढा विकला जात नव्हता ना!

त्या पडद्याआड लटारू गेला असणार. टोपली घेऊन गेला असणार, हात तळाला लागला असणार. मागणं त्याच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. कोणी विचारायचं नाही आणि कोणाला सांगावं लागायचं नाही, याच्याच भरवशावर तो जगत होता. आम्ही समजत होतो, पावसामुळं बाहेर पडत नसेल. तो घरी गेला, परसातला तरोट्याचा पाला खुडून नुसत्या पाण्यात उकडून खात राहिला. पुढं हगवण लागली, ताप भरला आणि तो गेला. बसवल्यावर घंटा पहिल्यांदा वाजली ती त्याच्या मातीला.

त्याच दिवशी पूर ओसरून डोंगा सुरू झाला होता. नदीच्या मध्यावर भागीला घंटा ऐकू आली. नावाडी म्हणाला, तुमच्याच टोल्याची, नवी आहे. ती खूश झाली. कोणाचं लग्न असेल असं वाटलं, म्हणून घाईघाईनं चालत आली. हे तिनं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

माती झाली. बैठकीचं, बंडीचं सगळं माझ्याकडून ऐकूनही भागी रडली नाही. ती पडवीत आली, पडदा बाजूला केला. कणगीच्या तळाशी लटारूची टोपली पडलेली होती. ती तिनं उचलली आणि गुणवंतरावांपुढं धरली.

“म्हातारा होता, तापानं गेला,” ते म्हणाले. “आन् घोडं तं किवणानं मरनारच होतं एक दिस.”

“किवणानं नाई मेलं, भाऊ. माह्यं घोडं चांगलं जितं होतं. तुमी त्याले इकलं.”

एवढंच बोलून ती गेली. गुणवंतरावांना वाटलं, बाई थंड झाली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. घंटा दणादण वाजवली. सगळे बसले. भागी आली ती बाकांकडे गेलीच नाही. दारात, रिकाम्या कणगीच्या बाजूला बसली आणि तिनं मेजाकडे, पंचांकडे, सबंध मंडळीकडे पाठ केली. लटारूची टोपली शेजारी ठेवली. मास्तर भाकर मोडता मोडता थांबले. गुणवंतराव ओरडले, “भागीबाई, प्रभूच्या मेजाकडं पाठ करून काऊन बसली?”

ती वळली नाही. पण तो आवाज तिचाच होता, शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा.

“घेनाऱ्याकडं माही पाठच राह्यते, भाऊ, तुमाले ठाऊक हाय. घ्या. अजून काई उरलं असन तं तेई घ्या. मले काई दिसून नाई राह्यलं.”

भाकरीची थाळी पहिल्या बाकावरून निघाली. गुणवंतरावांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. थाळी दुसऱ्या बाकावर गेली, तिसऱ्यावर गेली. माझ्यापर्यंत आली, मीही घेतली नाही. फिरून ती मास्तरांपुढं भरलेलीच येऊन थांबली. मास्तर थाळीकडे बघत राहिले. पहिली मंडळी एका पंगतीला जेवायची, हे इतकी वर्षं सांगणारा तो माणूस, पण त्यालाही आज घास उचलता येईना.

आता त्या प्रार्थनाघराच्या प्रत्येक पंख्यावर आणि बाकावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे. दानपेटीला मोठं कुलूप आहे. उपदेशात पहिली मंडळी अजून येते, तशीच गोड. ती नावं दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मग मी डोळे मिटून घेते.

कारण त्या रविवारी मी पाहिलंय. सगळे खिळून बसले असताना आशाबाई, खुद्द गुणवंतरावांची बायको, नवऱ्याकडे न बघता उठली. घरी गेली आणि पदरात तांदूळ घेऊन परत आली. तिनं पडदा बाजूला केला आणि पदर कणगीत रिता केला. तांदळाचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. भागीनं मान वळवून पाहिलं नाही.