उद्याचं प्रकरण

दोरा दातानं तोडायचा. कात्री मांडीशीच पडलेली असायची. सुई ओढणीत खोचायची आणि मग दुकानभर शोधायची. चहा दोन बशांत ओतायचा, समोर कुणी नसलं तरी. रस्त्यानं पावलं वाजली की "कोण हाय?" असं विचारायचं. दुपारी जेवायला बसलं तरी शटर अर्धंच ओढायचं.

इमामबीचाची शनिवार पेठेत साड्यांना फॉल लावून द्यायची. मुलगा तोहिद लांब पुण्याला. त्याचा फोन शुक्रवारी यायचा आणि लवकर संपायचा.

अनुजा साडी घेऊन गेली तेव्हा चाची म्हणाली, "बस की. लगेच लावतो." मग तिला पिशवीतलं पुस्तक दिसलं.

"काय हाय त्यात?"

"पोरासोरांची गोष्ट, चाची. नुसती पळापळ."

"मग वाच की मोठ्यानं. मला वाचता येत न्हाय, ऐकता येतंय."

अनुजा मराठीची एम.ए. नोकरी नव्हती, मैत्रिणी लग्न करून पांगल्या होत्या. कादंबरी तिनं जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून गंमत म्हणून घेतलेली. सतरा वर्षांची मोना, पळवून नेलेला भाऊ, मागावर जीप. तीन पानांचं एकेक प्रकरण. पहिलं संपलं तेव्हा मोना विहिरीच्या कठड्याला लोंबकळत होती. चाचीनं सुई खोचून ठेवली.

"आता उद्या," ती म्हणाली.

"ती तिथं लटकतीय आणि तू उद्या म्हणतीस?"

"लटकू दे की रातभर! तिला काय हुतंय? तुला मात्र यावं लागंल."

दोघी हसल्या. अनुजा दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्याही. एका बैठकीत संपेल असं पुस्तक दिवाळी उलटली तरी पुरलं. अनुजालाही पुढचं पान घरी उलटून बघावंसं वाटेना. जीप जवळ आली की चाची ओरडायची, "आगं पळ, भवाने!" आणि टाका चुकायचा. मग तो उसवायचा. साडी मांडीवरच राहायची.

"चाची, माझ्या साडीचं काय?"

"घाई हाय व्हय तुला? कुणी बघायला येणाराय?"

शेवटचं प्रकरण उरलं होतं. "हे आजच वाचू," अनुजा म्हणाली. चाची बराच वेळ दोरा ओवत बसली.

"दुसरं हाय का असलं पुस्तक?"

"आणीन की."

"मग उद्या. दुसरं घेऊनच ये."

दुसऱ्या दिवशी अनुजा नवं पुस्तक घेऊन आली. शटर पूर्ण खाली होतं. चाची सकाळी उठलीच नव्हती.

चार-पाच दिवसांनी तोहिदनं शटर उघडून गिऱ्हाइकांच्या साड्या परत दिल्या. सगळ्या तयार, घडी घालून, वर गिऱ्हाइकानंच लिहून दिलेली नावाची चिठ्ठी.

"ताई, तुमची एवढीच राहिलीय," तो म्हणाला. "कशी काय कुणास ठाऊक. अम्मी तासाभरात फॉल लावायची."

अनुजानं साडी उलगडली. फॉल वीतभर लागला होता. पुढं तो मोकळाच लोंबत होता. शेवटच्या टाक्यात सुई तशीच होती, दोरा ओवलेला, गाठ न मारलेला.