पेटी आणि मेन स्विच

घरातलं काही हरवू नये म्हणून मी एक पेटी घेतली. काळा डबा, आत दोन हार्ड डिस्क. राउटरला जोडायची, घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो-व्हिडिओ तिच्यात भरायचे, आणि मग जगात कुठंही बसून फोनवर बघायचे. विकणाऱ्यानं हे मला एकदा सांगितलं. मी लोकांना शंभरदा सांगितलं. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढणारे कमी झाले, ते बहुधा त्यामुळंच.

पेटीत मी काय नाही भरलं! लग्नं, बारशी, विजेची बिलं, सानपाडा स्टेशनबाहेर गाडी कुठल्या खांबाजवळ लावली त्याचे फोटो. रविवार फोल्डर लावण्यात जायचा. बायको विचारायची, "यातलं बघणार कधी?" मी म्हणायचो, "आधी नीट लावून तर होऊ दे." खंडेनवमीला तिनं पेटीला झेंडूचं फूल वाहिलं. त्यात भक्ती किती आणि टोमणा किती, हे मी विचारलं नाही.

यंदा यात्रेला साताऱ्याकडं गावी गेलो. सकाळी ओट्यावर चार भाऊबंद जमले आणि माझी जीभ सैल सुटली. "सगळं हाय पेटीत," मी ऐटीत म्हणालो. "काकूसुद्धा. तीन वर्सांमागं डोळ्याच्या ऑपरेशनला आमच्याकडं आल्या होत्या ना, तेव्हाचा व्हिडिओ हाय."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. कोपऱ्यात बसलेले काका तेव्हापासून कामापुरतंच बोलायचे. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन. त्यात ना फोटो, ना आवाज. ते उठून माझ्याशेजारी येऊन बसले.

"बोलतीया का त्यात ती?"

"बोलतायत की."

"लाव."

मी लावलं. पेटी सापडत नाही, असं फोन म्हणाला. मी गावच्या नेटवर्कला नावं ठेवली, फोन घेऊन गच्चीवर गेलो, टाकीवर चढलो. खाली काका मान वर करून बघत होते. माझ्या फोनमधून तो व्हिडिओ मी केव्हाच पुसला होता, जागा होत नव्हती म्हणून.

तेवढ्यात बायको अंगणातून म्हणाली, "निघताना मेन कुणी बंद केला?"

मीच. गावी जाताना गॅस, नळ आणि मेन स्विच बंद करायचा, ही आमच्या वडिलांची शिस्त. यंदाही मी दोनदा बघून खात्री केली होती. जगात कुठूनही दिसणारी माझी पेटी कुलूपबंद घरात माझ्याच हातानं मेली होती. टाकीवरून उतरताना मला माझी इतकी लाज वाटली, की मी शिडीवर उगाच जास्त वेळ लावला.

जुईनगरच्या घराची किल्ली शेजारच्या मावशींकडं असते. त्या तिथल्याच, शहर होण्याआधीच्या आगरी गावातल्या. त्यांना फोन केला. थोड्या वेळानं त्या फोनवर म्हणाल्या, "मेन चालू केलाय. तुजी पेटी निली-निली लुकलुकतेय. आजून काय करू? तुलशीला पानी घालू?"

पाणी घाला म्हटलं. पेटी जागी होईपर्यंत काका फोनवरून नजर हलवत नव्हते. मग काकू दिसल्या. आमच्या जुईनगरच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात बत्ता. ठेचा कुटताना मला म्हणत होत्या, "माझं डोळं झालं आता बरं. त्यास्नी तिकडं कोरडं तुकडं चावाय लागत असतील. मला उद्याच्या गाडीत बसवून दे बाबा."

दीड मिनिटात संपलं. काका म्हणाले, "परत लाव." मी परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि कानाला लावला, बघितलंच नाही.

मग फोन मला परत दिला. रागावले नव्हते. नीट कळून घ्यावं तसं त्यांनी विचारलं, "हे तीन वर्सं तुझ्याकडं व्हतं?"

"होतं," मी म्हणालो.