दिवाकररावांचे दोन रकाने

दिवाकररावांनी उभं आयुष्य स्पेसबार दाबण्यात घालवलं, असं कोणी म्हटलं तर त्यांना राग यायचा नाही, कारण ते स्वतःच तसं सांगतात. पस्तीस वर्षं सरकारी टायपिंग, त्यातली शेवटची काही नव्या रायपूरला. डावीकडे हिंदी, उजवीकडे इंग्रजी असे आदेश काढायचे आणि मधली जागा बोटानं मोजायची. डावीकडचा एक शब्द बदलला की उजवी बाजू घसरलीच म्हणून समजा. मग पुन्हा टकटक. आणि साहेब लोक शब्द बदलण्यात पटाईत, त्याला कोण काय करणार!

निवृत्तीनंतर तात्यापारा या रायपूरच्या जुन्या मराठी मोहल्ल्यातल्या घरी बसून माणसानं पेपर वाचावा, चार वेळा चहा मागावा. हे मात्र लेकीच्या खांद्यावरून तिच्या लॅपटॉपमध्ये डोकावत बसायचे. गंधाली त्यांची एकुलती एक पोट्टी. कॉलेजात गणित शिकवते आणि प्रश्नपत्रिका वेगळ्याच पद्धतीनं तयार करते. पानावर माऊसनं काही सरकवायचं नाही. नुसतं लिहून सांगायचं की दोन रकाने कर, मधे एवढी जागा सोड, आणि पान आपोआप तयार.

“म्हणजे याले हुकूम द्यायचा?” दिवाकररावांनी विचारलं.

“हव पापा. लिख के बताओ, बस.”

“अन् हा ऐकते?”

“सही लिखोगे तो सुनेगा.”

झालं! माणूस नादी लागला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हुकूम टाइप केले, आता स्वतःचे हुकूम सोडायचे होते. महिनाभरात वाणसामानाची यादीसुद्धा दोन रकान्यांत निघायला लागली.

त्यातच गंधालीचं लग्न ठरलं, रायपूरच्याच पुरानी बस्तीतल्या शंकरशी. घर छत्तीसगढी. विधी दोन्हीकडचे होणार होते आणि एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाहीत. मग दिवाकररावांनी जाहीर करून टाकलं, एक पुस्तिका काढू. मजकूर हिंदीत, डावीकडे आपले विधी, उजवीकडे त्यांचे. आठ दिवस खपून पानं तयार केली आणि पूर्णिमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती कौतुकानं विहीणबाईंच्या मोबाईलवर धाडली.

दहाव्या मिनिटाला विहीणबाईंचा, कलावतीबाईंचा फोन. “समधी जी, बढ़िया है. बस एक बात पूछूँ? हमारे यहाँ इतना ही होता है क्या?”

दिवाकररावांनी चष्मा लावून पाहिलं. डावीकडे आपलं सगळं तीन पानं भरून. उजवीकडे त्यांचं पहिल्या पानाच्या अर्ध्यावर संपलेलं, खाली पांढराफटक कागद. जे होतं त्याचाही मेळ नाही. आपली हळद त्यांच्या बिदाईच्या समोर येऊन बसलेली!

त्यानंतर सहा दिवस तिकडून फोन नाही. दोघी विहिणींनी मिळून साड्या घ्यायला जायचं होतं, तेही राहिलं. लग्न पंधरा दिवसांवर.

“तुमच्या त्या रकान्यांनी माझ्या पोरीचं सासर नासवलं,” पूर्णिमाबाई कडाडल्या. “तिले तिथं जन्म काढायचा हाय. काहून करून राहिले हे उद्योग?”

बोलणं खरं होतं. ते लागलंही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पुन्हा लॅपटॉपसमोर. कारण घोटाळा नेमका झाला कुठे, हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना.

दुपारपर्यंत सापडलं. त्यांनी दोन रकाने सांगितले होते आणि यंत्रानं दोन रकाने दिले. डावा आपल्या चालीनं खाली गेला, उजवा आपल्या. एकमेकांकडे बघा, असं कोणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी हुकूम बदलला. आडव्या ओळी कर, प्रत्येक ओळीत दोन खण. दोन्ही खण वरून एकत्र सुरू होऊ दे, आणि लांबडा संपेपर्यंत पुढची ओळ सुरू करू नको. बटण दाबलं आणि हळद झक्क हळदीसमोर आली. अहाहा! म्हातारा खुर्चीतल्या खुर्चीत उडाला.

पण आधी तळाशी साचलेली पांढरी जागा आता खणाखणांतून दिसायला लागली. उजवीकडे कुठे एक ओळ, कुठे नुसतं नाव. दिवाकरराव बघतच राहिले. जन्म रायपुरात गेला, छत्तीसगढी लग्नांत शेकड्यानं जेवणं झोडली, आणि लिहायला बसले तर ठाऊक काही नाही. त्यांना मनापासून लाज वाटली.

तो कागद घेऊन ते एकटेच पुरानी बस्तीत गेले. कलावतीबाईंनी पाणी दिलं आणि पुन्हा भाजी निवडायला बसल्या.

“मुझे कुछ आता नहीं, इसलिए कम लिखा,” दिवाकरराव म्हणाले. “आप बताइए, मैं लिखूँगा.”

बाईंनी कागद ओढून घेतला. बराच वेळ वाचला. मग बोट ठेवून विचारलं, “ये कानपिळी क्या है?”

“लड़की का भाई दूल्हे का कान मरोड़ता है.”

“मेरे शंकर का?” बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. तिथून जे सुरू झालं ते दोन तास. त्या सांगताहेत, हे लिहिताहेत. मधेच हे विचारताहेत, असं काहून, तसं काहून. चुलमाटी आली. लग्नाच्या चुलीसाठी बायका वाजतगाजत बाहेर जाऊन माती खणून आणतात, खणणाऱ्याची थट्टा करतात. उजवा खण काठोकाठ भरला. डावा रिकामा.

“यहाँ आपका क्या होता है?”

“हमारा कुछ नहीं. बीच की लकीर हटा देता हूँ, पूरी लाइन आपकी.”

“काहे?” कलावतीबाई म्हणाल्या. “लिखिए, समधिन माटी खोदने आएगी.”

लग्नाआधी नवरीची आई वराच्या घरी जाते, असं दिवाकररावांच्या खानदानात कोणी ऐकलं नव्हतं. नाही म्हणावं तर जुळलेलं मोडणार. हो म्हणावं तर पूर्णिमाला कोण सांगणार? घरी येऊन त्यांनी ते वाक्य डाव्या खणात टाकलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

पूर्णिमाबाईंनी वाचलं. “मले न विचारता?”

“छापलं नाही अजून. म्हणशील तर पुसतो.”

त्या उठून आत गेल्या. पण पुसा म्हणाल्या नाहीत.

चुलमाटीच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात पूर्णिमाबाई अवघडून उभ्या होत्या. दिवाकरराव लांबून बघत होते, त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कलावतीबाईंनी पहार पुढे केली. बायका खिदळल्या, समधिनला काही खणता यायचं नाही! पूर्णिमाबाईंनी पदर खोचला, पहार घातली आणि थांबेचनात.

“बस, समधिन, बस! हो गया,” कलावतीबाई म्हणाल्या.

“थोडं थांबा,” पूर्णिमाबाईंनी मान वर न करताच सांगितलं. “माझ्या पोरीच्या घरची चूल हाय. जरा खोलची माती काढते.”