साडूंचा लेथ आणि चौथा पाय

माझ्या साडूंनी आजवर जगातली एकही वस्तू सरळ आहे असं मान्य केलेलं नाही. भिंत असो, मांडव असो, नवऱ्यामुलाचा फेटा असो की सरकारने बांधलेला पूल असो, ते एक डोळा बारीक करून त्याच्याकडे बघतात आणि हळहळल्यासारखं म्हणतात, "जरासं गेलंय." कुठं गेलंय, हे आपल्याला दिसत नाही. मग ते शर्टाच्या खिशातून बोटभर लांबीची स्पिरिट लेव्हल काढतात, त्या वस्तूवर ठेवतात, आणि काचेतला बुडबुडा निमूटपणे त्यांच्या बाजूने साक्ष देतो. आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्या पाहुण्यांनी हवा, उजेड, पाण्याची सोय यांचं कौतुक केलं. साडूंनी हॉलच्या मधोमध बेअरिंगमधली एक गोळी ठेवली आणि वाट पाहिली. गोळी डुलत डुलत निघाली. "सर," ते म्हणाले, "पाणी मोरीकडं जायला पाहिजे. हितं तर देवघराकडं चाललंय." मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो म्हणून ते मला 'सर' म्हणतात. त्या हाकेत आदर असतो. ती हाक हल्ली मला फार टोचते, आणि का टोचते ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. साडूंवर लिहायचं म्हणजे हसू येणारच, पण या वेळी मी मान खाली घालून हसतो आहे, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

'अंदाजे', 'साधारण', 'जवळपास' हे शब्द साडूंच्या घरात कुणी उच्चारत नाही. अर्धा कप चहा मागितला आणि थोडा जास्त आला, तर ते कप उजेडात धरून "हा अर्धा नाय, पाऊण हाय," असं सांगतात आणि मगच पितात. त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का, यांना लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली तरी भाकरीवरून बोलणी चुकलेली नाहीत. भाकरी चवीला कशी आहे याबद्दल साडूंची कधीच तक्रार नसते. ती कडेला जाड आणि मध्ये पातळ आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. अक्का सुरुवातीची काही वर्षं रडल्या, पुढची काही वर्षं भांडल्या, आणि मग एके दिवशी पिठाची परात त्यांच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "घ्या, तुमीच थापा." साडूंनी थापली. भाकरी सगळीकडून सारख्या जाडीची झाली, आणि सगळीकडून सारखीच कच्ची राहिली. तेव्हापासून ते फक्त बोलतात, थापत नाहीत.

वाळूजच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये त्यांनी उभी हयात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, टर्नर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, गावाकडे घर बांधतात. साडूंनी बजाजनगरातल्या आपल्या घराच्या पोर्चला भिंत घातली, स्कूटर बाहेर पावसात काढली, आणि त्या जागेत एक नवा लेथ आणि एक लहानसं मिलिंग मशीन बसवायचं ठरवलं. धंदा करणार का, असं मी विचारलं. त्यांना ते आवडलं नाही. "धंदा कशाला, सर? निरोपाच्या टायमाला एक नवा इंजिनियर म्हणला, काका, आता हाताचं न् डोळ्याचं काम राहिलं नाय, सगळं कॉम्प्युटरवर. मला बघायचंय, माझा हात न् डोळा हाय का गेला. सोताच्या मशीनवर एक दांडा काढायचाय. ह्या टोकाला जेवढा जाड, त्या टोकाला तेवढाच. बस." साठी ओलांडलेल्या माणसाने आयुष्याची कमाई एका सरळ दांड्यावर लावली होती.

पाया त्यांनी स्वतः घातला. काँक्रीट ओतल्यावर वर गोणपाट अंथरून ते चार आठवडे सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारत होते. त्या काळात त्यांनी पुतणीच्या साखरपुड्याला जायचं नाकारलं. "सिमेंट कच्चं हाय," एवढंच कारण दिलं. तान्ह्या लेकरासाठी आई घरी थांबते, तसे ते थांबले. अक्का म्हणाल्या, "एवढं पाणी माझ्या कढीपत्त्याला घातलं असतं तर गल्लीला पुरला असता." पण चार आठवड्यांनी पाया असा झाला की साडूंनी त्यावर लेव्हल ठेवली, बराच वेळ बुडबुड्याकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. काहीच न बोलणं ही त्यांच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी असते.

मशीन यायच्या आदल्या रविवारी मी पाचोडला सासूबाईंकडे गेलो होतो. आम्हा दोघांच्या त्या सासूबाई. त्यांनी मला चुलीपाशी बोलावलं आणि लाल कापडाची एक पुडी हातात दिली. आत चिमूटभर अक्षता, हळदीकुंकू आणि सुपारीचं एक खांड. "मशीनच्या पायात घाला," त्या म्हणाल्या. "आपल्या गावातल्या एकाची दोन बोटं मशीननं खाल्ली. थोरल्या जावयाच्या हाताला काय होऊ नये बघा. त्यांना सांगू नका, ते मोजीत बसतील." मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांची शिबिरं घेऊन खेड्यात जातो आणि अंधश्रद्धेवर तासभर बोलतो. त्या तासात लोकांना हसवण्यासाठी लिंबू-मिरचीची टिंगलही करतो. पण म्हातारीच्या डोळ्यांत लेकीच्या नवऱ्याच्या बोटांची काळजी होती. मला नाही म्हणवलं नाही. निदान तेव्हा तरी मी स्वतःला असं सांगितलं.

मशीन उतरवायला हमीदभाई आले होते. पहार, लोखंडी पाइप आणि चेनपुली एवढ्या सामानावर हा माणूस टनाटनांची मशीनं गल्लीबोळांतून फिरवतो. लेथ काँक्रीटपर्यंत आला तेव्हा हमीदभाईंनी एकेक बाजू पहारीने उचलायची आणि कुणीतरी प्रत्येक पायाखाली पोलादी पट्टी सरकवायची, असं ठरलं. साडूंनी भोवताली जमलेल्या सगळ्यांना मागे सारलं. "पट्ट्या सर घालतील. त्यांचं फिजिक्स हाय." मी गुडघ्यांवर बसलो. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. चौथा पाय भिंतीकडचा, अंधारातला. तिथे मी पट्टीखाली पुडी सरकवली. हमीदभाईंनी पाहिलं. पहारीवर सगळा भार देऊन ते हळूच म्हणाले, "दुआ की पुडी है क्या सर? रखो रखो. मैं किसको नै बोलता." आणि लेथ अलगद खाली आला. मिलिंग मशीनच्या वाट्याला अक्षता आल्या नाहीत, आणि ते पहिल्या दिवसापासून नीट चाललं.

त्या संध्याकाळी साडूंनी लेथची पातळी लावली. मोठी लेव्हल लेथच्या लांब सपाट बेडवर ठेवून एकेक बोल्ट पाव आट्याने फिरवत बुडबुडा बरोबर मधोमध आणला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडा सरकलेला होता. त्यांनी परत लावला. परत सरकला. दांडा काढून बघितला, तो एका टोकाला तीस मायक्रॉन जास्त जाड निघाला. तीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही कमी. पण साडूंच्या दृष्टीने तो दांडा नव्हता, मुळा होता. मग तपास सुरू झाला. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची त्यांनी वहीत नोंद केली. पंखा बंद झाला. अक्कांच्या मिक्सरवर बंदी आली, शेंगदाण्याचा कूट खलबत्त्यात होऊ लागला. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जिना उतरताना त्यांनी लेव्हलपाशी बसून पाहिलं आणि "हळू उतरा हो," असं त्याला हात जोडून सांगितलं. पाऊस लागून राहिला होता. पुडीतल्या अक्षता ओल धरत होत्या, भाराखाली भरडल्या जात होत्या, आणि लेथ रोज थोडा थोडा त्या चौथ्या पायाकडे खचत होता. हे पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं. दाबाखाली वस्तूचा आकार कसा बदलतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

आणि मी गप्प बसलो. एकदा सांगायला गेलो होतो, पण साडूंनीच विचारलं, "सर, फिजिक्स काय म्हणतं?" आणि मी तापमान, प्रसरण, कंपन असं काहीबाही बोलून चहा पिऊन परत आलो. सासूबाईंचं नाव निघू नये म्हणून गप्प आहे, असं मनाशी घोकत होतो. खरं ते नव्हतं. प्राध्यापकाने मशीनखाली सुपारी घातली, हे जगाला कळेल याची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या आठवड्यानंतर साडूंनी ट्रकांवर, पंख्यावर, भाडेकरूवर संशय घेणं सोडलं आणि स्वतःवर घेतला. औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना ऑटोने घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर चांगली आहे. "वयाच्या मानानं म्हंजे किती?" साडूंनी विचारलं. डॉक्टर हसले, साडू हसले नाहीत. नवा चष्मा आला. घरी ते हात पुढे ताणून त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवायचे आणि तो थरथरतो का, ते बघत बसायचे. आमच्याकडे आले तेव्हा भिंतीवरची तसबीर चांगली बोटभर कलली होती. त्यांनी पाहिली आणि नजर खाली वळवली. तिसऱ्या आठवड्यात अक्कांचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाल्या, "चार दिस झाले, भाकरीला नाव ठेवलं नाय. गप खायलेत. मला भ्या वाटायलंय हो."

मला आता इथे लिहिता आलं असतं की तो फोन ठेवून मी तडक बजाजनगरला गेलो. गेलो नाही. दोन दिवस गेले. मग हमीदभाईच कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिले. साडूंनी त्यांना लेथसाठी गिऱ्हाईक बघायला सांगितलं होतं. "बोले, हाथ गया मेरा, अब मशीन किसी हाथवाले कू दे दो." हमीदभाई माझ्याकडे बघत नव्हते. "मैंने जबान दी है, मैं नै बोलता सर. लेकिन तुम बोलो. आज बोलो." शिकलेला मी होतो, आणि काय करायचं ते सांगायला पहार उचलणारा माणूस यावा लागला.

त्याच दुपारी मी साडूंपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सासूबाईंचं नाव सांगितलं, माझं गप्प बसणंही सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कोनत्या पायाखाली?" मी भिंतीकडे बोट केलं. त्यांनी पहार लावली, मी ओणवा होऊन पुडी काढली. तिचा पापड झाला होता, आणि त्यातून तांदळातले दोन पोरकिडे घाईघाईने निघून गेले. साडूंनी पुडी हातावर घेतली, आणि देवाशपथ सांगतो, मायक्रोमीटर काढून तीन ठिकाणी मोजली. "तीन जागी तीन मापं," ते म्हणाले. मग स्टुलावर बसले. आता शिव्या येतील म्हणून मी वाट पाहत होतो. मला त्या हव्या होत्या. पण त्यांनी नवा चष्मा काढला, तेलकट फडक्यानेच डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हंजे माझा डोळा गेला नाय." थोड्या वेळाने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "हात बी हाय. सर, हात बी हाय!" आणि माझाच हात धरून हा माणूस लहान मुलासारखा हसायला लागला. माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलंही नाही. तीन आठवडे मी त्यांच्याकडून काय काढून घेतलं होतं, ते मला त्या हसण्यात कळलं. इतका खुजा मी आयुष्यात कधी ठरलो नव्हतो.

पातळी लागली. दुसऱ्या दिवशी दांडा निघाला, दोन्ही टोकांना सारखा. तो बघायला साडूंनी अक्कांना हाक मारली. अक्कांनी पिठाचे हात पदराला पुसत दांडा पाहिला, त्यात त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण नवऱ्याचा चेहरा दिसला. "मग इतके दिस काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "सिमेंट कच्चं राहिलं होतं. चूक माझीच. आनखी पाणी मारायला पाहिजे होतं." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आणि मी काय केलं? मी मान डोलावली. वर, "सिमेंटला वेळ लागतोच," असंही म्हणालो.

याला आता बरेच महिने झाले. घरात चार माणसं जमली की साडूंच्या कच्च्या सिमेंटची चेष्टा होते. चार आठवडे पाणी मारूनही पाया कच्चा ठेवणारा टर्नर म्हणून मेव्हणे-भाचे त्यांना हसतात. सासूबाई माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवतात, जावयाची दहाही बोटं शाबूत आहेत ना. आणि ज्या माणसाला पाऊण कपाला अर्धा म्हटलेलं सोसत नाही, तो खाली बघून जेवत राहतो. मी समोरच्या पानावर बसलेला असतो. दर वेळी ठरवतो की आज सांगायचं, आणि दर वेळी कुणीतरी भात वाढायला येतं. साडू आता थकत चालले आहेत, जिना चढताना कठड्याला धरतात. हे असंच राहून जाईल, अशी मला भीती वाटते.

साडू मशीनच्या माहितीपुस्तकाखेरीज काही वाचत नाहीत. अक्का मात्र छापलेलं सगळं वाचतात, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून. म्हणून तोंडाने जे जमलं नाही ते इथे लिहून ठेवतो. अक्का, सिमेंट पक्कं होतं.