पेनरोज आणि टॅमसिन मावशी
आमच्या पोर्ट अ‍ॅडलेडमध्ये कॉर्नवॉलहून आलेल्या माणसांना एक खोड आहे. समोरचा कुठल्या जहाजाने आला ते आधी विचारायचं, नाव नंतर. टॅमसिन ट्रेम्बाथ मावशी 'पेनरोज'ने आली होती, पण पेनरोजचं नाव तिच्यासमोर काढायची कोणाची छाती नव्हती.

ती माझी नात्याची कोणी नव्हे. आमच्यात वडीलधाऱ्या बाईला मावशीच म्हणतात. धक्क्यावर तिचं पेस्टीचं दुकान होतं. आत मांस-बटाटा, वर खरपूस भाजलेलं आवरण. कोणी टाकलेली पेस्टीची कड दिसली की तिची जीभ सुटायची. "तुझा बाप खाणीत होता, त्याच्या हाताला विष लागलेलं असायचं, म्हणून तो कड टाकायचा. तू कारकून. तुझ्या हाताला काय धाड भरलीय?" मी नावाडी, माझे हात कायम डांबराने माखलेले. मला मात्र ती सूट द्यायची.

पेनरोज एके काळी फार देखणं होतं म्हणे. तीन डोलकाठ्या, सागवानी अंग. प्लिमथहून पोटार्थी माणसं भरून आणायची आणि इथली लोकर, गहू घेऊन परत जायचं, असा त्याचा संसार. आगबोटी आल्या आणि त्याची रया गेली. मग लाकडं वाहिली, खत वाहिलं. शेवटी डोलकाठ्या छाटल्या, आतले आडोसे तोडून काढले आणि कोळशाचं कोठार म्हणून आमच्याच नदीत, नेमकं मावशीच्या दुकानासमोर आणून बांधलं. त्या दिवशी मावशीने खिडकीला जाड पडदा लावला. तो पुढे कधी निघाला नाही.

यंदा ठरलं की आता ते कोळशालाही नालायक झालं आहे. सोमवारी ओढून नेऊन दलदलीत सोडून द्यायचं. आदल्या दिवशी, रविवारी, चॅपेलची घंटा वाजत असताना मावशी माझ्या होडीपाशी उभी. चॅपेल चुकवणारी बाई नव्हे ती. मी शिडीची भीती घातली, तिच्या गुडघ्यांची आठवण करून दिली.

"पास्को, माझी पोर तिथे गेली," ती म्हणाली. "ती जागा मला एकदा बघायचीय. उद्या ती कुठे शोधू?"

मी वल्ही हातात घेतली. निम्म्या वाटेवर ती आपणहून बोलायला लागली.

तिकडे कॉर्नवॉलला खाणी बंद पडल्या होत्या. गावात इथल्या वसाहतीचा एजंट आला. त्याला घरकामाला तरण्या मुली हव्या होत्या. अशा मुलींना फुकट नेत. लव्हडे, मावशीची थोरली, तेरा वर्षांची. मावशीने स्वतःच्या हाताने तिच्या झग्याची दुमड उसवून तो घोट्यापर्यंत सोडला, बायकांसारखे तिचे केस वर बांधले आणि एजंटला सांगितलं, पोर सोळाची आहे. आमच्याकडे अशा किती पोरी एका दुपारीत मोठ्या झाल्या, देव जाणे. एजंटला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पोर मात्र खूश. झगा धरून गावभर मिरवून आली.

जहाजावर कळलं की सोळा वर्षांच्या मुलीला आईजवळ राहता येत नाही. लग्न न झालेल्या बायका मागच्या बाजूला, आडोशापलीकडे. त्यांचा जिना वेगळा, त्यांच्यावर एक देखरेखीची बाई, आणि दिवस मावळला की कुलूप. धाकटी भावंडं आईच्या कुशीत आणि लव्हडे तिकडे परक्या बायकांत.

मग तिला ताप आला. डॉक्टरने भेट बंद केली. मावशी निघाली होती खरं सांगायला, की ती लहान आहे, माझ्याजवळ द्या. नवऱ्याने, झाकीने, हात धरला. खोटं उघडं पडलं तर मधल्याच बंदरात सगळ्यांना उतरवतील, धाकट्यांचं काय करशील? मावशी थांबली. एका सकाळी ती देखरेखीची बाई लव्हडेचा झगा घडी घालून घेऊन आली. पोरीला पहाटेच पाण्यात सोडलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पेनरोजवर चिटपाखरू नव्हतं. मी मावशीला जवळजवळ उचलूनच खाली उतरवलं. कोठार रिकामं होतं. वरच्या उघड्या झाकणातून ऊन येत होतं आणि सगळीकडे काळी भुकटी. एका खांबाला लोखंडी कडी होती, तिच्यावरून तिने आपली जागा ओळखली. त्या कडीला ती धाकटीची दुपटी वाळत घालायची. मग मी तिला छताच्या तुळयांवरचा फिकट पट्टा दाखवला. आडोसा तिथे होता. त्यापलीकडे जहाजाचं मागचं टोक.

मावशी बघत राहिली. आमच्या चॅपेलपेक्षाही लहान होती ती जागा.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "वर चढायचं, अख्खा डेक चालायचा, पुन्हा खाली उतरायचं. मला वाटायचं, पोर माझी परगावी आहे."

एका हाताने कडी धरून तिने मला पार त्या टोकाला जायला सांगितलं.

"तिथून हाक मार. जोरात नको. अंगात ताप असलेलं माणूस मारेल तशी."

"काय म्हणून?"

"आई म्हणून."

माझी दाढी पिकलेली. लाज वाटली, पण मारली हाक. माझी मलाच नीट ऐकू आली नाही. मावशीने मात्र मान खाली घातली.

"हीच," ती म्हणाली. "ती गेली त्या रात्री हीच ऐकली होती मी. उठून बसले. झाकी म्हणाला, जहाजावर इतकी पोरं आहेत, सगळ्यांची आई तूच का? लव्हडेचा आवाज इतक्या लांबून कुठला येतोय. मला ते पटलं, पास्को. मी कूस बदलली नि धाकटीला थोपटत पडले. एक ओ दिली असती तर तिला कळलं असतं, आई इथेच आहे."

तिने टोपीची कड तोंडावर ओढली आणि पुन्हा हाक मारायला सांगितलं. मी मारली.

या वेळी मावशीने ओ दिली. मग मी गप्प झालो तरी ती देतच राहिली.